मणक्याच्या ऑपरेशनला थेट जर्मनी? खान्देशातून जाणाऱ्यांनी आधी वाद घालून घ्यावा
(टोपणनावांनी झालेली चर्चा)

तापीकाठ
जळगाव-धुळ्याकडे कंबरदुखीचा विषय निघाला की तीन तट पडतात. एक म्हणतो ऑपरेशन इथेच करा, दुसरा मुंबई-पुणे, आणि हल्ली तिसरा निघालाय तो म्हणतो जर्मनी. माझं मत तिसऱ्याच्या बाजूचं, पण एकाच ऑपरेशनपुरतं: कंबरेत दोन मणक्यांमधल्या गादीच्या जागी कृत्रिम डिस्क बसवणे.

नेहमीच्या जोडणीच्या ऑपरेशनमध्ये झिजलेली गादी काढून दोन मणके स्क्रू-सळ्यांनी जोडले की त्या जागची हालचाल कायमची बंद होते. भार वरच्या-खालच्या गादीवर जातो, काही वर्षांनी तिथेही झीज दिसू शकते. कृत्रिम डिस्कमध्ये हालचाल टिकते. ही कल्पना बर्लिनच्या शारिते रुग्णालयात तयार झाली आणि पहिली डिस्क 1984 मध्ये बसवली गेली. ती घडवणाऱ्या दोघांपैकी डॉ. कारिन ब्युटनर-यान्झ या 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमधल्या जिम्नॅस्टिक्सच्या सुवर्णपदक विजेत्या. मणका कसा वाकतो हे त्यांना पुस्तकाबाहेरही कळत असणार! अमेरिकेने त्या डिस्कला परवानगी दिली 2004 मध्ये, म्हणजे 20 वर्षांनी. एवढा जुना हात जिथे आहे तिथे जाण्यात चूक काय?

पांझरा
चूक जाण्यात नाही, कशासाठी जायचं ते न ठरवता जाण्यात आहे. आपल्याकडे एमआरआय झाला की लोक सांगतात, "मणक्यात गॅप आलाय." गॅप हा काही आजार नाही. गादी फुगून नस दबली असेल आणि पायात कळ जात असेल, तर बहुतेकांची कळ 6 ते 12 आठवड्यांत गोळ्या, चालणं आणि व्यायामावर उतरते. नाही उतरली तर गादीचा फुटलेला तुकडा दुर्बिणीखाली काढतात. ते मुंबई, पुणे, नाशिकला रोज होतं. तेवढ्यासाठी फ्रँकफर्ट गाठणं म्हणजे पावशेर वांग्यासाठी वाशी मार्केटला जाणं.

कृत्रिम डिस्कची अट उलटी आहे. तिथे मुख्य दुखणं कंबरेचं हवं, पायाचं नव्हे. झीज एक किंवा दोन गाद्यांतच हवी. मागचे छोटे सांधे शाबूत हवेत, मणका पुढे सरकलेला नको. हाडांच्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे 1 च्या खाली गेला तर बहुतेक ठिकाणी नकार मिळतो, कारण ठिसूळ हाडात डिस्कची धातूची चकती रुतत जाते. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना हा नकार पुष्कळदा विमानाचं तिकीट काढल्यावर कळतो. डेक्सा आधी करा, स्वस्त आहे.

आणि जिचा एवढा अभिमान आहे ती शारिते डिस्क आता बाजारात नाही. बनवणारी कंपनी विकली जाते, माल बंद होतो, पण तुमच्या कंबरेतला तुकडा जागच्या जागी असतो. उद्या तो काढायची वेळ आली तर त्याची हत्यारं कुठून आणणार?

अमळनेरी
मी काय म्हणस, आठे मुंबईले जावाले लोके घाबरतस, नि तुम्ही जर्मनीना गप्पा करी ऱ्हायनात. पैसाना हिशेब सांगा ना भो.

हिशेबी मामा
सांगतो. रुग्णालय आधी अंदाजपत्रक पाठवतं, त्याला जर्मनीत कोस्टेनफोरानश्लाग म्हणतात. तो अंदाज असतो, पक्का भाव नव्हे. डॉक्टरांची फी त्यांच्या सरकारी दरपत्रकावर गुणक लावून आकारतात. साधारण गुणक 2.3, केस अवघड असल्याचं कारण लिहून 3.5 पर्यंत नेता येतो. त्यामुळे अंदाजपत्रकात कोणता गुणक धरलाय, अतिदक्षता विभागाचे किती दिवस धरलेत आणि डिस्कची किंमत आत आहे का बाहेर, हे तीन प्रश्न ईमेलवर विचारा. दुभाषा आणि मधला एजंट यांचे पैसे बहुधा वेगळे असतात. एजंट "पॅकेज" सांगतो तेव्हा रुग्णालयाचा मूळ कागद मागा. नाही दिला तर तिथेच समजा.

पैसे बँकेतून ए-2 हा परदेशी रक्कम पाठवायचा फॉर्म भरून जातात. माणशी आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलरची मर्यादा आहे. उपचारासाठी त्याहून जास्त लागत असेल तर रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर तेही पाठवता येतात. 2025-26 च्या नियमाने उपचारासाठी पाठवलेल्या पहिल्या 10 लाखांवर टीसीएस (पैसे पाठवताना बँक आधीच गोळा करते तो कर) नव्हता, वरच्या रकमेवर 5 टक्के होता; आजचा दर बँकेत विचारा. म्हणजे त्या दराने 30 लाख पाठवले तर 20 लाखांवर 1 लाख बँक आधीच घ्यायची. हा खर्च नाही, रिटर्न भरलं की परत मिळतो किंवा करात वळता होतो. गोम इथे आहे की आपल्याकडचे केळी-कापसाचे बरेच शेतकरी शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून रिटर्न भरतच नाहीत. मग तो पैसा सरकारकडे पडून राहतो. त्या वर्षीचं रिटर्न भरा, शून्य कर असला तरी भरा.

आणखी एक. पैसे पाठवताना बँकेचं शुल्क कोण भरणार या रकान्यात "ओयूआर" निवडा, म्हणजे सगळं शुल्क पाठवणारा भरतो. नाहीतर मधली बँक काही युरो कापते, रुग्णालयाच्या खात्यात अनामत अपुरी दिसते आणि दाखल होण्याच्या दिवशी काउंटरवर अडून बसावं लागतं. इथला मेडिक्लेम सहसा भारताबाहेर चालत नाही. व्हिसाला लागणारा 30,000 युरोचा प्रवास विमा अचानक आलेल्या आजारासाठी असतो. ठरवून केलेल्या ऑपरेशनचा रुपयाही त्यातून मिळत नाही, त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचाही नाही.

सातपुडा
पैशावरच बोलणार असाल तर तिथल्या देखभालीबद्दल कोण बोलणार? मी तापीकाठ यांच्या बाजूने आहे, कारण फरक टेबलावर कमी आणि वॉर्डात जास्त आहे.

पहिला दिवस मात्र आपल्या माणसाला अपमानाचा वाटतो. भारतातून आलेल्या रुग्णाच्या नाकातून, जांघेतून, गुदद्वाराजवळून कापसाच्या काडीने नमुने घेतात आणि अहवाल येईपर्यंत त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. नर्स गाऊन-मास्क घालून आत येते. औषधांना दाद न देणारे जंतू आपल्या रुग्णालयांत जास्त आढळतात म्हणून ही खबरदारी. हाच नियम तुम्हाला शेजारच्या खाटेवरच्या जंतूंपासूनही वाचवतो.

रात्री नातेवाईक सहसा थांबू देत नाहीत. पाणी पाजणं, कूस बदलणं, भांडं देणं सगळं नर्स करते. कूस बदलायची पद्धत बघण्यासारखी आहे: गुडघे वाकवून खांदा आणि कंबर एका वेळी, ओंडका गडगडवावा तशी. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाटेवरून खाली सोडायचे, मग कोपर टेकवून धड वर. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, कधी त्याच संध्याकाळी फिजिओथेरपिस्ट उभं करतो. पायात घट्ट मोजे आणि रक्त गोठू नये म्हणून पोटाच्या कातडीत रोज एक सुई. आपल्याकडे वॉर्डात चार मावश्या आणि सहा नातेवाईक मिळून रुग्णाला काखेत धरून उठवतात, तो ताण थेट कंबरेवर येतो.

जेवणाची तयारी ठेवा. संध्याकाळी लवकर थंड जेवण मिळतं, ब्रेड, चीज, काकडी. शाकाहारी हवं असेल तर दाखल होतानाच लिहून द्या. भरीत-भाकरी विसरायची.

पांझरा
वॉर्ड चांगला आहे, मान्य. पण तुम्ही वॉर्डात राहणार किती? आठवडाभर. पुढचे तीन महिने यावल-चोपड्यातच काढायचे असतात, आणि नेमक्या तिथेच भानगडी निघतात.

डिस्क पोटातून बसवतात. बेंबीखाली चीर घेऊन आतडी बाजूला सारून मणक्यापर्यंत जातात. सगळ्यात खालच्या गादीला, म्हणजे एल-5 एस-1 ला, महाधमनी आधीच दोन फाट्यांत वाटलेली असते म्हणून जागा मिळते. त्याच्या वरच्या गादीला, एल-4 एल-5 ला, मात्र डावी मोठी शीर बाजूला ओढावी लागते. त्यासाठी रक्तवाहिन्यांचा सर्जन सोबत हवा. ही माहिती अंदाजपत्रकात विचारा: तो सर्जन ऑपरेशनला हजर असतो की फोनवर? पुरुषांना आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी आणि लाजेखातर कोणी सांगत नाही. तिथल्या बारीक नसांना धक्का बसला तर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. लग्न व्हायचंय किंवा मूल हवंय, तर हे सहीच्या आधी बोला. पोटाची आधीची ऑपरेशनं, हर्नियाची जाळी, सिझर हेही लपवू नका.

आता मुद्द्याचं. डिस्क सरकली तर पहिल्या दोनेक आठवड्यांत पुन्हा त्याच वाटेने जाणं त्यातल्या त्यात सोपं. त्यानंतर शिरांभोवती चिकटपणा तयार होतो आणि तीच वाट जिवावरची होते. आणि तुम्ही नेमके बाराव्या-चौदाव्या दिवशी विमानात असता. परत आल्यावर जखम पाझरायला लागली तर इथला सर्जन विचारणार, "आत काय टाकलंय? कोणी टाकलं?" दुसऱ्याने केलेल्या कामात हात घालायला कोणीही कचरतो. त्याला दोष देता येत नाही.

कोइमतूरचं गंगा हॉस्पिटल किंवा दिल्लीचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर ही मणक्याच्या कामासाठी नावाजलेली ठिकाणं. तिथे परदेशातले लोक येतात. तिथून काही बिनसलं तर भुसावळहून गाडीत बसून परत जाता येतं, व्हिसा मागावा लागत नाही.

तापीकाठ
भुसावळहून कोइमतूर म्हणजे काही शेजारचं गाव नव्हे. आणि कंबरेच्या डिस्क बदलण्याचं काम भारतात होतं, पण जोडणीच्या मानाने कमी. ज्या सर्जनचा त्यात रोजचा हात आहे तो महत्त्वाचा, देश नव्हे, एवढं मी मान्य करतो.

व्हिसाबद्दल: शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा असतो. लोक खर्च वाचवायला 15 दिवसांचाच मागतात. किमान 5-6 आठवडे मागा, रुग्णालयाच्या पत्रात तसं लिहून घ्या. ऑपरेशननंतर तीन आठवडे तिथेच जवळपास राहिलात तर तुमची चौदाव्या दिवसाची अडचण बरीच सुटते.

सिंदखेडराजाचा नव्हे, शिंदखेड्याचा
एमआरआयबद्दल कोणीच बोललं नाही. आपले लोक फिल्मची ती मोठी पिशवी काखेत मारून फिरतात. परदेशी डॉक्टर फिल्मचे मोबाईल फोटो बघत नाहीत. त्यांना सीडीतली मूळ डायकॉम फाइल लागते. सेंटरवरून निघायच्या आधी सीडी त्यांच्याच संगणकावर उघडून बघा, रिकामी सीडी निघण्याचे प्रकार होतात. सोबत उभं राहून काढलेले एक्सरे हवेत, पुढे वाकून एक आणि मागे वाकून एक. झोपून काढलेल्या एक्सरेत सरकणारा मणका गपगुमान बसलेला दिसतो. एमआरआय सहा महिन्यांहून जुना असेल तर बहुधा नवा मागतील.

आणि कोणीही पत्रव्यवहार करत बसू नये अशी एक अवस्था: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, सायकलच्या सीटवर टेकणारा भाग बधिर झाला, पाऊल उचलेना. ते दिवसांचं नव्हे, तासांचं काम आहे. त्याच दिवशी जवळच्या मणक्याच्या सर्जनकडे, रात्र असली तरी.

भरीतपार्टी
घरचं सांगतो, कारण फिजिओथेरपी शेवटी इथेच होते. ऑपरेशनला जायच्या आधी घरात कमोड किंवा कमोडची खुर्ची बसवा. भारतीय संडासावर उकिडवं बसणं पहिले काही आठवडे बंद. दोरीची बाज उचलून माळ्यावर टाका, मधे झोळ पडणाऱ्या खाटेवर झोपायचं नाही. पहिले सहा आठवडे 2-3 किलोच्या वर काही उचलू नका. भरलेला हंडा 15 किलोच्या घरात जातो, केळीचा घड 20-25 किलो. "एवढंसं तर आहे" म्हणत उचललेला हंडा हे नेहमीचं कारण. मोटारसायकल तर विसराच, गावच्या रस्त्याचे गतिरोधक सर्जनने मोजलेले नसतात.

तारीख निवडता येत असेल तर एप्रिल-मे टाळा. 45 अंशात पट्ट्याखाली घाम साचून टाके भिजतात. दिवाळीनंतर जा.

औषधांचं एक. जर्मनीत दुखण्यावर मेटामिझोल सर्रास देतात. ते इथल्या दुकानात सहज मिळत नाही, म्हणून सुट्टी मिळतानाच पर्यायी औषध मूळ (जेनेरिक) नावाने लिहून घ्या. मेटामिझोल घेत असताना ताप आणि घसादुखी आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा. क्वचित होतं, पण ते "विमानातल्या एसीने घसा धरला" म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

अमळनेरी
कागद कोनता कोनता लयना पडतीन?

सातपुडा
इंग्रजीतला डिस्चार्ज आणि ऑपरेशनची नोंद. ऑपरेशननंतरचे एक्सरे सीडीवर. इम्प्लांट कार्ड: त्यावर डिस्कचं नाव, मोजमाप आणि लॉट क्रमांक असतो, युरोपात ते देणं कायद्याने बंधनकारक आहे, तरी मागून घ्या. कातडीला स्टेपल मारले असतील तर ते काढायचा छोटा चिमटा नर्सकडून मागा. तालुक्याच्या दवाखान्यात तो असेलच असं नाही, आणि साध्या चिमट्याने स्टेपल काढणं म्हणजे कातडी फाडणं.

तापीकाठ
पांझरा यांच्या मुद्द्यावरून माझ्या मतात एक अट घालतो. व्हिसाच्या अर्जाआधी जळगाव, धुळे किंवा नाशिकच्या एका मणक्याच्या सर्जनचं पत्र घ्यावं, की परत आल्यावर जखम आणि तपासण्या ते पाहतील. असं पत्र कोणीच देत नसेल तर जर्मनी रद्द.

पांझरा
लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. व्हॉट्सॲपवरचा अंगठा पत्रात धरू नका.