स्वतःचा मोडेम लावला की केबल कंपनीच्या पोटात का दुखतं?

चक्रम_चौकस: परवा इथे एकाने लिहिलं, "कंपनी देते तोच मोडेम वापरा, उगाच डोक्याला ताप कशाला?" डोकंच फिरलं. भाडं दरमहा मी भरायचं आणि डबा जन्मात माझा होणार नाही! मी स्वतःचा डॉक्सिस ३.१ (केबलवरच्या इंटरनेटचं मानक) मोडेम आणला. त्यांनी फक्त मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, नोंदवायचा होता. उत्तर काय, तर "हे मॉडेल आमच्या यादीत नाही." यादी दाखवा म्हटलं, तर म्हणे ती अंतर्गत! रडतखडत नोंद झाली, पण बिलात भाडं चालूच.

जुनी_केबल: यादी उगाच नसते. केबलची लाइन सामायिक असते. एका घरातून नॉइज, म्हणजे नको ते सिग्नल, शिरला की सगळ्यांचं अपस्ट्रीम, म्हणजे घरातून बाहेर डेटा पाठवणं, बोंबलतं. शोधत आम्ही फिरायचं, आणि निघतो कुणाचा तरी सैल कनेक्टर.

चक्रम_चौकस: सैल कनेक्टर भाड्याच्या डब्याला नसतो वाटतं?

रात्रपाळी: ते सोडा, त्या कस्टमर केअरचं काय करायचं? मोडेमच्या पानावर डाउनस्ट्रीम पॉवर (घरात येणाऱ्या सिग्नलची ताकद) उणे १४ डीबीएमव्ही, म्हणजे फारच दुबळी दिसतेय, ओरडून सांगतोय, तरी "सर, एकदा रिस्टार्ट करा." टीव्हीमागे एकापुढे एक स्प्लिटर, म्हणजे केबलला फाटे फोडणारे जोड, निघाले, तेही त्यांच्याच माणसाने बसवलेले. दर दुभागणीला साडेतीन डीबी सिग्नल जातो. ते काढले, नेट धावायला लागलं. पठ्ठ्याने तक्रारीवर लिहिलं, "ग्राहकाच्या मोडेमचा दोष"!

हेडफोनवाली: रिस्टार्टला हसू नका. ते केल्याची खूण केल्याशिवाय आमच्या स्क्रीनवर पुढची पायरी उघडत नाही. शिव्या मात्र आम्ही खायच्या.

रात्रपाळी: म्हणजे तुम्हालाच रिस्टार्टची गरज आहे.

हेडफोनवाली: हेच ते. म्हणूनच फोन होल्डवर जातात.

चक्रम_चौकस: भांडा निवांत. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून स्वतःचं यंत्र लावायचा कायदेशीर हक्क आहे. अमेरिकेत ग्राहकाच्या स्वतःच्या यंत्रावर भाडं लावायला २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. तिथली नेटवर्कं कोसळली का?

जुनी_केबल: नाही कोसळली, घ्या. पण फर्मवेअर, म्हणजे मोडेमच्या आतलं सॉफ्टवेअर? विकतच्या केबल मोडेमवरही ते बहुतेक ठिकाणी कंपनीच ढकलते. इंटेल प्यूमा ६ चिपचे मोडेम घेतलेल्यांना विचारा. नेट अडखळायचं, त्या लॅगवर दुरुस्ती निघाली, तरी कंपनी पाठवेपर्यंत हात चोळत बसले. राउटर तुमचा ठेवा, आमचा डबा ब्रिज मोडला टाका, म्हणजे तो नुसता मोडेम राहील, बाकी तुमचा राउटर बघेल, विषय संपला.

चक्रम_चौकस: ब्रिज मोड मागितला की तुमचेच लोक विचारतात, "ते काय असतं?"

जुनी_केबल: ...तेही खरंय म्हणा. भाडं मिळालं का परत?

चक्रम_चौकस: "पुढच्या बिलात वळतं करू" म्हणालेत. कुठल्या पुढच्या, ते नाही बोलले.