लांबी म्हणजे कस नव्हे
हल्ली गोल्फचा चेंडू एवढा लांब जातो की कोर्स (गोल्फचं मैदान) साडेसात हजार यार्डांच्या पुढे न्यायलाच हवा, हे काहींचं म्हणणं मला पटत नाही. यूएस ओपन या मोठ्या स्पर्धेचंच बघा, ती दरवर्षी वेगळ्या कोर्सवर होते. २०१७ला एरिन हिल्स ७,७०० यार्डांच्या वर होतं, तरी ब्रूक्स केप्का १६ अंडर पारने, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पारपेक्षा) १६ कमी फटक्यांत जिंकला. २०१३ला मेरियन जेमतेम ७,००० यार्ड, आणि जस्टिन रोझ विजेता ठरला तो १ ओव्हर पारवर, म्हणजे एक फटका जास्त घेऊन! एरिन हिल्सला पावसाने ग्रीन्स (भोकाभोवतीची बारीक गवताची जागा) मऊ होऊन खेळ सोपा झाला होता, हे खरं. पण पाऊस मेरियनलाही झालाच होता. फरक होता तो मेरियनच्या अरुंद फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा), दाट रफ (कडेचं उंच गवत) आणि तिरक्या ग्रीन्सचा. स्कॉटलंडच्या रॉयल ट्रून कोर्सवरचं ‘पोस्टेज स्टँप’ हे होल जेमतेम १२० यार्डांच्या आसपास आहे, तिथे वेज (जवळच्या फटक्याची काठी) हातात असूनही भल्याभल्यांची भंबेरी उडते.

उलट नुसती लांबी वाढवली की फायदा लांब मारणाऱ्यालाच. ग्रीनवर मारायला तो आठ नंबरचं आयर्न काढतो, ज्याने नेम साधणं सोपं; बाकीच्यांना लांब पल्ल्याची हायब्रिड काठी काढावी लागते. आपल्यासारख्या हौशी लोकांचं तर विचारूच नका, पाच तास पायपीट आणि पाणी-खताचा खर्च वेगळा. (मागच्या टीवरून, म्हणजे सर्वांत लांबच्या सुरुवातीच्या जागेवरून खेळायचं कुणी सांगितलंय, हेही आहेच म्हणा.)