मदत हवी आहे: पिकअप मागून आपटतेय, जादा पाटा घालू की एअर बॅग?

सडेकर_पाटण
नमस्कार मंडळी. गाडी मागं बसते. सडावाघापूरच्या पठारावर कच्च्या वाटेनं जाताना प्रत्येक खड्ड्याला खालून धाडकन आवाज येतो, परवा तर बायको म्हणाली उतरून चालत जाते. मागचं सस्पेन्शन चांगलं दणकट करायचंय. गॅरेजवाला म्हणतोय मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे पाटे, दोन-दोन वाढवू. भाचा म्हणतोय एअर बॅग, म्हणजे ॲक्सलवर बसवायची हवेची रबरी पिशवी. दोन्हींतलं एक सांगा. रविवारी परत वर जायचंय, तेव्हा जरा लवकर.

घाटमाथा
गाडी कुठली?

सडेकर_पाटण
पिकअप. वर लिहिलंय की.

घाटमाथा
नुसतं पिकअप लिहिलंय, आणि पिकअप म्हटलं तरी दहा प्रकारच्या आल्या. मॉडेल, साल, टायर कुठले, आणि आपटते ती रिकामी असताना की माल भरल्यावर?

सडेकर_पाटण
बोलेरो कॅम्पर, 2017, फोर बाय फोर. टायर कंपनीच्याच मापाचे. माल असतो थोडाफार.

कोयना_रायडर
एअर बॅग. विषय संपला. मी माझ्या गाडीला बसवल्यात, रिकामी असताना हवेचा दाब 10 पीएसआय ठेवतो, सामान भरलं की 40. हवेचा पंप गाडीतच असतो. पाटे वाढवलेस तर रिकाम्या गाडीत मणके मोजता येतील.

नाना_ट्रकलाईन
आरं बाबा, सड्यावर जांभ्याचा दगूड लागून ती पिशवी फुटली तर तितं पंक्चरवाला बसलाय का? मी तीस वरसं गाडी हाकली. पाटा तुटला तर लाकडाचा ठोकळा आन साखळी बांधून घरी येतंय माणूस. कराडात पाटेवाल्याकडं जा, पाटे उतरवून ठोकून गोलाई दिऊन घे. कमी पैशात काम.

कोयना_रायडर
नाना, भट्टीत घातलेल्या पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, जातं. महिन्यात परत सपाट.

नाना_ट्रकलाईन
भट्टीत कोन घालतंय? थंडच ठोकत्यात. बघितलंय का कधी उभं राहून?

पठारप्रेमी
ऑफ-रोडिंगच्या नावाखाली पठारांची जी वाट लावली जाते त्याबद्दल कुणीच बोलत नाही. कास 2012 पासून जागतिक वारशात आहे. जांभ्यावरचा मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो, एकदा चाक फिरलं की तिथं वर्षानुवर्षं फूल येत नाही. हौस असेल तर ट्रॅकवर जाऊन भागवा.

सडेकर_पाटण
अहो, मी हौशी नाही. सडावाघापूरचं विचारतोय, कासचं नाही. वर आमचं रान आहे, दोनशे आंब्याची रोपं लावलीत, त्यांना पाणी घेऊन जातो. वाट आहे तीच वापरतो. आता पाटा का एअर बॅग?

घाटमाथा
थांबा थांबा. पाणी? किती?

सडेकर_पाटण
एक टाकी असते मागं. हजाराची.

घाटमाथा
म्हणजे "थोडाफार माल" हजार किलो! त्यावर टाकी, पंप, पाइप आणि माणसं किती?

सडेकर_पाटण
मी धरून चार. कधी पाच.

घाटमाथा
आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, काढून बघा. ग्रॉस (मालासकट कमाल) वजनातून अनलेडन (रिकाम्या गाडीचं) वजन वजा करा, तेवढीच गाडीची ताकद. पाटे वाढवून चेसिसची, ॲक्सलची नि ब्रेकची ताकद वाढत नाही, फक्त गाडी उंच दिसते. आणि मागच्या ब्रेकला लोडप्रमाणे दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो काही गाड्यांना, ॲक्सलला दांडीनं जोडलेला. तुमच्या गाडीला आहे का बघून घ्या. मागची बाजू उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी लावतो. भरल्या टाकीनं घाट उतरताना हे महागात पडेल.

द्राक्षबाग_तासगाव
फवारणीच्या टाकीचा अनुभव सांगतो. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी वाईट, वळणाला पाणी सगळं एका अंगाला धावतं. तुमची टाकी केबिनला टेकवून आहे की मागच्या फळक्याजवळ?

सडेकर_पाटण
फळक्याजवळ. नळ तिकडं आहे, पाणी सोडायला सोपं पडतं.

द्राक्षबाग_तासगाव
तिथंच घात. ॲक्सलच्या मागं टाकलेलं वजन पाट्यावर जास्त पडतं आणि पुढची चाकं हलकी होतात. चढाला स्टेअरिंग हलकं लागत असेल बघा. टाकी पुढं घ्या, नळाला पाइप जोडा.

वकिलीण_सातारा
मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लक्षात ठेवा. आरसीतल्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच शोधेल.

नाना_ट्रकलाईन
ताई, पाटा आरशीत लिवलेला नसतोय.

वकिलीण_सातारा
नाना, वजन लिहिलेलं असतं.

घाटमाथा
सडेकर, एक काम करा. गाडी रिकामी, सपाट जागेवर. ॲक्सल आणि वरचा बंप रबर (ॲक्सल चेसिसला आपटू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) यांच्यात किती बोटं अंतर आहे ते दोन्ही बाजूंना मोजा. मग टाकी भरून परत मोजा. त्याच्याशिवाय मी पाट्याचं उत्तर देणार नाही.

कोयना_रायडर
मोजायचं काय त्यात, एअर बॅग घाला.

सडेकर_पाटण
मोजलं. रिकामी असताना उजवीकडं चार बोटं, डावीकडं जेमतेम दोन. भरल्यावर डावीकडं रबरावर टेकलेलीच. माझी मलाच लाज वाटली.

नाना_ट्रकलाईन
डावीकडचा पाटा तुटलाय. पाटे मधोमध एकत्र धरतोय त्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ बघ, घाण खरवडून. तितंच मोडत्यात.

सडेकर_पाटण
नाना, पाया पडतो. तिसरा पाटा, बरोबर भोकातून दोन तुकडे. वरनं चिखल बसलेला, म्हणून दिसत नव्हता. गॅरेजवाल्यानं हे न बघताच पाटे वाढवायला सांगितले होते.

घाटमाथा
दोन्ही बाजूंचे पाटे एकदमच करा, नाहीतर गाडी वाकडी उभी राहील. पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवेच टाका, जुने एकदा ताणलेले असतात. आणि पाच-सातशे किलोमीटर चालल्यावर परत आवळून घ्या, पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट ढिले पडतात. शॉकअप (धक्के शोषणारे दांडे) तेल सोडत असतील तर तेही बदला. जादा पाटा नको.

सडेकर_पाटण
टाकीचं काय करू? पाचशेची आणली तर दोन खेपा, डिझेल दुप्पट.

द्राक्षबाग_तासगाव
पाचशेची टाकी गाडीवर, आणि वर रानात दोन हजाराची कायमची ठेवा. आठवड्यात सावकाश भरत राहा. रोपांना रोज कुठं लागतंय? बुडाशी गवताचं आच्छादन केलंय का?

सडेकर_पाटण
नाही केलं. पण ही आयडिया बरी आहे. रविवारचं रद्द, गाडी कराडला सोडली.

पठारप्रेमी
आंबा कुठला लावलाय? एवढ्या वाऱ्यात हापूसचा मोहर टिकतो का?

कोयना_रायडर
माझ्या जुन्या एअर बॅग विकायच्यात, कुणाला हव्यात तर सांगा. एकीला बारीक गळती आहे.