चंद्रपूरची बंदी उठली. मग गावासाठी दारूचं धोरण काय?

सावलीकर
चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला दारूबंदी आली, 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. दोन्ही वेळा भांडण एकच, दुकान असावं की नसावं. दुकान किती वाजता बंद व्हावं, आठवडी बाजारापासून किती लांब असावं, सोडायची इच्छा असलेल्याने जायचं कुठे, यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. बंदीत पव्वा चढ्या भावात घरपोच यायचा. पिणारा तोच, मजुरी तीच, फक्त घरात पैसा आणखी कमी उरायचा. म्हणून माझा जिल्हाबंदीला विरोध आहे.

धानोऱ्याची_ताई
भाऊ, घरपोच मिळते हे ऐकून कान किटले. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, 2016 पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या मोहिमेचं काम आहे. गावसंघटनेच्या बाया मोहाचा सडवा, म्हणजे दारू गाळायला आंबवलेली मोहफुलं, शोधून ओतून देतात. चोरून विकणाऱ्याकडे जायला नवशिक्या पोराचा पाय अडतो, दुकानाच्या काउंटरवर अडत नाही. मला त्या पोराची काळजी आहे, जुन्या बेवड्याची नंतर. शिवाय पेसा कायद्याने 1996 पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूवर बंदी घालायचा अधिकार दिला आहे.

वडसा_पोट्टा
सडवा ओतला म्हणून मोह फुलाचा थांबते का जी? आमच्याकडे पंडुमाले, म्हणजे गोंडांच्या सणाले, अन् लग्नाले मोह लागतेच. घरी गाळली तर गुन्हा, अन् नागपुरात परमिट रूममध्ये बसून पेली तर सरकारले महसूल! पकडतेत बी कोणाले, पाच लिटरवालीले. गाडी भरून आणणारा मोकळाच.

धानोऱ्याची_ताई
पंडुमाच्या मोहावर बोलतंय कोण? रोज संध्याकाळी पन्न्या भरून विकतो त्याच्यावर बोला.

आर्वीचा_गडी
वर्धा गांधींचा जिल्हा, बंदी गडचिरोलीच्याही आधीची. नदी ओलांडा, पलीकडे दुकान. एवढंच सांगायचं होतं.

उपकेंद्रातून
दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटली. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, झटके येतात, दोन-तीन दिवसांत भास सुरू होतात. घरचे म्हणतात बाहेरचं झालं, आणि नेतात मांत्रिकाकडे. हा माणूस वेळेवर दवाखान्यात आला नाही तर दगावू शकतो. त्याला गोळ्या लागतात, जीवनसत्त्व बी-1 ची इंजेक्शनं लागतात, आठवडाभर कोणाची तरी नजर लागते. बंदीचा आदेश निघतो तेव्हा या औषधांचा साठा वाढवा असं त्यात कोणी लिहितं का? दुकान उघडतानाही लिहित नाहीत म्हणा. मुक्तिपथने तालुक्याला व्यसन उपचाराचे क्लिनिक काढले, ते मला बंदीपेक्षा मोठं काम वाटतं. ताईंना पटणार नाही.

धानोऱ्याची_ताई
अर्धं पटलं. क्लिनिकमधून सुटून आलेल्या माणसाच्या वाटेवरच दुकान असेल तर तुमच्या गोळ्या किती दिवस पुरतील?

सावलीकर
म्हणून तर अंतर आणि वेळ म्हणतोय! आणि दर. जून 2025 मध्ये सरकारने विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, देशीवर प्रूफ लिटरला (मद्यार्काच्या तीव्रतेवर मोजलेला लिटर) 180 चे 205 रुपये. दर वाढला की पिणं घटतं हे जगभर दिसलं आहे. पण कारण काय सांगितलं, तर तिजोरीत 14 हजार कोटी जास्तीचे येतील. त्यातला वाटा तालुक्याच्या उपचारासाठी बांधून द्या, मग बोलू.

वडसा_पोट्टा
देशी महाग झाली की माणूस हातभट्टीकडे वळते. हे बी लिहून ठेवा.

सावलीकर
मान्य, म्हणून दर एकटा पुरत नाही. आणि ज्या गावाला दुकान नकोच, त्याला आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद करायचं गावातलं मतदान, आहे की.

धानोऱ्याची_ताई
आडवी बाटली सांगू नका. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात, हजर असलेल्यांपैकी नव्हे. मिरची तोडणीच्या दिवसांत मतदान लावलं की आमच्याकडच्या बाया तेलंगणात. जी आली नाही ती आपोआप उभ्या बाटलीकडून, म्हणजे दुकानाच्या बाजूने, मोजली जाते.

सावलीकर
तर अट बदलून हजर मतांवर आणा. त्या निवेदनावर माझी पहिली सही. जिल्हाबंदीच्या निवेदनावर नाही.

धानोऱ्याची_ताई
सही घेते. पण गावाने बंदी केली आणि वैनगंगेच्या पुलापलीकडे तुमच्याच सावली तालुक्यात बार राहिला, तर त्याच्या अंतराचं निवेदन तुम्ही लिहायचं.