उत्तर: मुलाच्या नव्या दातांना करवतीसारखी धार, तुटलेत का?
नाही हो ताई, तुटलेले नाहीत. पटाशीचा पक्का दात नवा येतो तेव्हा कडेला तीन बारीक उंचवटे असतातच, मॅमेलॉन म्हणतात त्यांना, वरखालचे दात एकमेकांवर घासले की आपोआप सपाट होतात, उगाच कानस मारून घेऊ नका.

वर एकांनी विचारलंय की दाढेच्या आतल्या अंगाला जादा टेंगूळ आहे, ती कीड का. वरची पहिली मोठी दाढ असेल आणि टेंगूळ टाळूकडे पुढच्या कोपऱ्यात असेल तर बहुतेक कीड नव्हे, काराबेलीचं टोक म्हणजे दाढेचाच जादा उंचवटा, १८४२ साली ऑस्ट्रियाच्या डेंटिस्टनं नोंदवलेलं, कुणाला असतं कुणाला नसतं. (मला आहे, जीभ सारखी तिकडंच जाते!)

खरं लक्ष द्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढेकडं. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं गपचूप येते, आईबापाला दुधाचीच वाटते. तिला बहुधा पाच टोकं, मधल्या खाचा इतक्या अरुंद की ब्रशचा केसपण तळापर्यंत जात नाही. आपल्या सोलापुरात कडक भाकरी न शेंगाचटणी रोजची, तो कूट तिथंच बसतो. डॉक्टरांना सीलंटचं (खाचा बुजवणारा पातळ लेप) विचाराच.