आधी पुराचं पाणी बघा, मग किंमत

रोज कागल एमआयडीसीची ये-जा आणि घरात सहा माणसं, म्हणून मोठ्या डिकीची टाटाची जुनी इंडिगो मरीना घेऊ का, असं विचारलंय. दादा, नका घेऊ. ती बंद होऊन जमाना झाला, पार्टसाठी हिंडत बसाल, आणि सीटा पाचच. पेट्रोल अर्टिगा बघा, २०१२ पासून मिळते.

पण एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुराआधीची असेल तर ती पाण्यात बुडाल्याची शंका घ्याच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गाळाचा डाग तिथंच सापडतो. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, मॅटिंग उचला. वास घालवता येतो, वायरिंगचा गंज नाही. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी बघितल्याशिवाय इसार देऊ नका.