पुरुषाच्या अवयवांना मराठीत म्हणायचं तरी काय? तुमची पसंती सांगा

आडनाव_नको:
शिवी वाटणार नाही, बोबडा वाटणार नाही आणि जीवशास्त्राच्या पुस्तकातून उचलल्यासारखाही वाटणार नाही, असा शब्द हवा आहे. लिंग, शिश्न, इंद्रिय, बुल्ली, नुन्नी, बाबुराव, सामान, गोट्या, शिवाय तो 'ल'वरून सुरू होणारा. यादी सगळ्यांना पाठ असते, पण कुठला कुठे चालतो? डोळ्यासमोर चार ठिकाणं आहेत: डॉक्टर, नवरा-बायको, कथेतले संवाद आणि लहान मुलं. 'गुप्तांग म्हणा' असं कृपया सुचवू नका, त्यातून नक्की कुठे ते कळतच नाही.

रफार:
चारही ठिकाणी चालेल असा एक शब्द मिळणार नाही. तरी एकच निवडायचा तर माझं मत 'लिंग'ला. 'शिश्न' अर्थाने जास्त नेमका आहे खरा, कारण लिंग व्याकरणातही असतं आणि अर्जावरच्या रकान्यातही. पण बोलताना 'श्न' जिभेवर अडतो, त्याचं 'शिस्न' होतं आणि समोरचा "काय?" म्हणून पुन्हा विचारतो. जो शब्द आधीच धीर गोळा करून उच्चारायचा, तो दोनदा सांगायला लागू नये. 'लिंगाला सूज आहे' म्हटल्यावर व्याकरण कुणाच्याही डोक्यात येत नाही.

सूर ओळखायचा असेल तर शब्द 'तो', 'ती' की 'ते' एवढं बघा. या एकाच अवयवाला मराठीने तिन्ही लिंगं दिली आहेत: तो लवडा, ती बुल्ली, ते शिश्न. सोट्याची सोटी होते, दांड्याची दांडी होते, म्हणजे ईकार लागला की वस्तू लहान होते. म्हणून बुल्ली, नुन्नी हे लहान मुलाचे शब्द. मोठ्या माणसाबद्दल वापरले की हेतू नसला तरी हिणवल्यासारखं होतं. 'ते'वाले बहुतेक संस्कृतातून आलेले, कागदी आणि निरुपद्रवी. 'इंद्रिय' त्यातलाच, पण आता जुन्या वळणाचा वाटतो. 'तो'वाल्यांत ठसका असतो, आणि शिव्याही तिथेच तयार होतात.

तपासणी_टेबल:
दवाखान्यापुरतं लिहितो. तिथे शब्द सभ्य की असभ्य याने काही बिघडत नाही, जागा चुकली की बिघडतं. पेशंट 'गोट्या' म्हणाला तर उलट काम सोपं होतं. घोळ होतो तो सभ्य शब्दांनी.

सगळ्यात जास्त गल्लत 'अंड'वाल्या शब्दांची. वृषण म्हणजे आतल्या दोन गोट्या, वृषणकोश किंवा अंडकोश म्हणजे बाहेरची पिशवी, आणि अंडाशय तर बाईच्या पोटात असतं. 'अंडकोशाला गाठ आहे' या वाक्यात गाठ पिशवीच्या कातडीत आहे की आतल्या गोटीत, हे कळत नाही. कातडीतली गाठ बहुतेकदा साधी असते, पण गोटीच्या आत लागणारी कडक, न दुखणारी गाठ लगेच तपासून सोनोग्राफी करावी लागते. गोटीच्या मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत मऊ दोरीसारखं लागतं ते अधिवृषण, तो आजार नाही. डावी गोटी उजवीपेक्षा थोडी खाली असणं हेही नेहमीचंच.

दुसरा घोळ 'जांघ'. मराठीत जांघ म्हणजे पोट आणि मांडी जुळतात ती खोबण. हिंदीत जांघ म्हणजे सरळ मांडी. डॉक्टर हिंदी बोलणारे असतील तर बोट ठेवूनच दाखवा, नाहीतर हर्नियाचा फुगवटा मांडीत शोधला जाईल.

'गरमी' आणि 'परमा' हे जुने शब्द अजून कानावर येतात. गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गनोरिया. पण आज कित्येक जण नुसत्या लघवीच्या जळजळीलाही 'गरमी झाली' म्हणतात. म्हणून रोगाचं नाव न घेता जे होतंय ते सांगा: लघवी करताना जळजळ, टोकातून पू, न दुखणारा फोड, काय असेल ते.

पुढच्या कातडीबद्दल 'कातडी मागे जात नाही' की 'मागे गेलेली कातडी पुढे येत नाही', एवढा फरक नीट सांगा. पहिलं सावकाश दाखवलं तरी चालतं. दुसऱ्यात बोंड, म्हणजे लिंगाचं टोक, आवळून सुजतं, त्यासाठी त्याच दिवशी, थेट तातडीच्या विभागात जायचं.

आणि ज्या लाजेचं खरंच नुकसान होतं ती ही: गोटी अचानक दुखायला लागते, मळमळतं, आणि मुलगा 'पोटात दुखतंय' म्हणतो. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण 6 तासांच्या आत ऑपरेशन झालं तर गोटी वाचण्याची शक्यता चांगली, पुढे ती झपाट्याने कमी होते. हे वयात येणाऱ्या मुलांमध्ये जास्त दिसतं, आणि नेमकी त्याच वयात जीभ अडखळते. तिथे कुठलाही शब्द चालेल, अगदी शिवीसुद्धा.

पात्र_क्र_दोन:
संवाद लिहिणाऱ्यांसाठी. 'लवडा' बोलण्यात बहुतेक वेळा अवयव नसतोच, तो नकार असतो. 'लवडा मिळणार तुला' म्हणजे काहीच मिळणार नाही. 'घंटा' आणि 'शाट' हेच काम करतात, आणि तिखटपणात 'घंटा' सगळ्यात सौम्य. पात्राला खरोखर अवयवाबद्दल बोलायचं असेल तर माणसं नामच टाळतात: 'खाली लागलं', 'तिथे खाज येते', 'त्याला काही झालं नाही ना?' पात्राच्या तोंडी दर वाक्यात दणदणीत नाम घातलंत की ते माणूस न वाटता शिव्यांचा कोश वाटायला लागतं.

'गोट्या' लिहिताना क्रियापद सांभाळा. 'गोट्या आला' हा शेजारचा मुलगा, 'गोट्या कपाळात गेल्या' ही दुसरी गोष्ट. 'बाबुराव' विनोदी प्रसंगात छान बसतो, पण गंभीर प्रसंग एका फटक्यात मातीत घालतो.

नवरा-बायकोच्या बाबतीत एक बघा: नाम आपलं क्रियापद सोबत घेऊन येतं. हत्यार, दांडा, सोटा म्हटलं की पुढे मारणं, ठोकणं, घुसवणं हेच येणार. दोघांनाही ते आवडत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर 'लिंग' हळू आवाजात म्हटलं तरी खोलीत डॉक्टर आल्यासारखं वाटतं. अशा वेळी दोघांनी मिळून एखादं निरर्थक टोपणनाव ठरवणं उत्तम. ओळखीतल्या कुणाचं नाव तेवढं ठेवू नका, तो माणूस जेवायला आला की पंचाईत.

आडनाव_नको:
आभार, जांघेचं लक्षातच आलं नव्हतं. मुलांचं राहिलं.

बालवाडी_मागची_खोली:
मुलांना 'लिंग' आणि 'वृषण' हेच शिकवा, नाक-कान शिकवतो त्याच ओघात, अंघोळीच्या वेळी, वेगळा सूर न लावता. घरात 'नुन्नी' चालत असेल तर चालू द्या, पण खरं नावही माहीत हवं. 'शूची जागा' अपुरं आहे, कारण गोट्या त्यात येतच नाहीत. पोपट, चिमणी, फूल असली नावं मात्र अजिबात नकोत. मूल शाळेत 'पोपट दुखतोय' म्हणालं तर बाईंना काय कळणार?

यामागे कायद्याचंही कारण आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब ते बोलेल तसाच नोंदवायचा असतो. शब्द फक्त घरच्यांनाच कळणारा असला की त्याचा अर्थ समजावण्यातच वेळ जातो आणि शंकेला जागा मिळते. आजी-आजोबा आणि सांभाळणारी बाई यांनाही तोच शब्द सांगून ठेवा.

रफार:
पाठिंबा, फक्त 'वृषण' तीन वर्षांच्या मुलाला उच्चारता येणार नाही. 'वुशन' म्हणेल, म्हणू द्या. तोवर जोडीला 'गोट्या' असू दे, तो आडगावच्या डॉक्टरलाही कळतो.